घराशेजारी खाऱ्या पाण्याची डिस्पोजल विहीर येतेय? टेक्सासमध्ये हरकत कशी घ्यायची, सगळं सविस्तर

आमच्याकडे ते पाकीट आलं तेव्हा आम्ही ते उघडलंसुद्धा नव्हतं. सर्टिफाइड मेल होतं, सही करून घेतलं, पण इथे वेस्ट टेक्सासमध्ये जमीन असली की मिनरल राइट्स, म्हणजे जमिनीखालच्या तेल-गॅसचे हक्क, विकत घेणाऱ्यांची पत्रं दर महिन्याला येतात, त्यातलंच एखादं असेल म्हणून फ्रीजवर ठेवून दिलं. सहा दिवसांनी बायकोने उघडलं. आत दहाएक पानांचं झेरॉक्स, एक नकाशा, नकाशावर एक वर्तुळ, आणि त्या वर्तुळाच्या आत आमचं घर आणि आमचा बोअर. वर लिहिलं होतं फॉर्म डब्ल्यू-१४. म्हणजे शेजारच्या जागेत तेलाच्या विहिरींचं खारं पाणी जमिनीत सोडायची विहीर काढायचा अर्ज, आणि हरकत घ्यायला १५ दिवस, त्यातले सहा गेलेले.

आपली बरीच मंडळी आता शहराबाहेर पाच-दहा एकर घेतायत, नळाचं पाणी नाही, स्वतःचा बोअर, त्यांच्यासाठी हे लिहितोय. वकील नाही मी, पण हे सगळं एकदा स्वतः केलंय आणि नंतर ओळखीच्या दोन घरांसाठी परत केलंय.

आधी हे पाणी काय आहे ते समजून घ्या

तेलाबरोबर जमिनीतून पाणी येतं, त्याला प्रोड्यूस्ड वॉटर म्हणतात. पर्मियन बेसिनमध्ये, म्हणजे इथल्या वेस्ट टेक्सासच्या तेलपट्ट्यात, एका बॅरल तेलामागे साधारण तीन-चार बॅरल पाणी निघतं, काही भागात त्याहून बरंच जास्त. समुद्राच्या पाण्यात लिटरला ३५,००० मिलिग्रॅम क्षार असतात, आणि ह्या पाण्यात एक लाखाच्या वर असणं अगदी नेहमीचं. वर बेन्झीन, बेरियम, स्ट्रॉन्शियम, थोडं रेडियम. मी मूळचा दर्यापूरचा, खारपाणपट्ट्यातला, त्यामुळे जमिनीवर खार फुटणं म्हणजे काय हे मला कोणी सांगायला नको. इथे एका शेजाऱ्याच्या कुरणात जुनी पाइपलाइन फुटली होती, त्या जागी आजही पांढरी खरखरीत पापडी आहे, बुटाने दाबली की करकरते, आणि तिथे गवताची काडी उगवत नाही.

एवढं असूनही कायद्याने हा घातक कचरा धरला जात नाही. १९८० साली अमेरिकन काँग्रेसने तेल आणि गॅस उत्पादनातला कचरा घातक कचऱ्याच्या नियमांतून तात्पुरता बाहेर ठेवला आणि १९८८ साली ईपीएने, म्हणजे केंद्राच्या पर्यावरण खात्याने, ती सूट कायम ठेवली. म्हणून हरकतीच्या पत्रात 'हे टॉक्सिक वेस्ट आहे, बंदी घाला' असं लिहून काही होत नाही, कागदावर तो तसा नाहीच.

कोणाकडे जायचं

आपल्याला वाटतं पर्यावरण खातं बघत असेल. टेक्सासमध्ये पर्यावरणाचं खातं टीसीईक्यू, पण हा विषय त्यांचा नाही. हा विषय रेलरोड कमिशनचा. नावात रेलरोड आहे, १८९१ साली रेल्वेसाठीच स्थापन झालं होतं, पण २००५ पासून त्यांच्याकडे रेल्वेचं काहीच काम नाही, तेल-गॅस बघतात. तीन कमिशनर, लोकांनी मतदानाने निवडलेले.

वरचा कायदा केंद्राचा आहे, १९७४ चा सेफ ड्रिंकिंग वॉटर अॅक्ट. त्याच्याखाली जमिनीत काहीही सोडणाऱ्या विहिरींचे वर्ग केलेत आणि तेल-गॅसच्या विहिरी क्लास टू मध्ये येतात, देशभरात साधारण १,८०,००० आहेत. केंद्राने हे काम बहुतेक तेलवाल्या राज्यांकडे सोपवलंय, टेक्सासला १९८२ साली मिळालं. त्यामुळे ईपीएला पत्र लिहिलं तर ते तुम्हाला ऑस्टिनला रेलरोड कमिशनकडेच पाठवणार, त्यात दिवस घालवू नका.

पहिलं काम: तारीख बघा आणि हरकत टाका, पुरावे नंतर

हे सगळ्यात महत्त्वाचं. अर्ज कमिशनला मिळाला ती तारीख किंवा काउंटीच्या पेपरात जाहीर नोटीस छापून आली ती तारीख, ह्यातली जी नंतरची तिच्यापासून १५ दिवस. पाकीट तुमच्या हातात कधी आलं ह्याला काही अर्थ नाही. आम्ही सुरुवातीला पाण्याची टेस्ट येऊ दे मग लिहू म्हणून थांबणार होतो, बरं झालं थांबलो नाही, कारण लॅबचा रिपोर्ट यायलाच तीन आठवडे लागले. मुदतीत कोणीच हरकत घेतली नाही तर सुनावणी वगैरे काही होत नाही, अर्ज नियमांत बसत असेल तर ऑफिसातच मंजूर होतो.

पहिलं पत्र एका पानाचं पुरतं. अर्जदाराचं नाव, लीजचं (तेल काढायला करारावर दिलेल्या जमिनीचं) नाव, विहिरीचा नंबर, काउंटी, हे सगळं नोटिशीवरून जसंच्या तसं उतरवा. मग तुमचं नाव-पत्ता, तुमची जमीन प्रस्तावित विहिरीपासून किती फुटांवर आहे, बोअर किती फुटांवर आहे, आणि 'मी ह्या अर्जाला हरकत घेतो व सुनावणीची मागणी करतो' हे स्पष्ट वाक्य. नोटिशीवर कमिशनचा पत्ता असतो तिथे सर्टिफाइड मेलने पाठवा, ईमेलनेही पाठवा, आणि त्यांना पोचलं का हे फोन करून विचारा.

इथे एक शब्द नीट समजून घ्या, तो म्हणजे अफेक्टेड पर्सन, बाधित व्यक्ती. नियम असा की इतर सर्वसामान्य जनतेपेक्षा वेगळं, प्रत्यक्ष असं नुकसान किंवा आर्थिक तोटा तुम्हाला झाला पाहिजे किंवा होणार असला पाहिजे. ज्याच्या जागेत विहीर खोदायची तो मालक आणि अर्ध्या मैलातले इतर विहिरींचे ऑपरेटर आपोआप त्यात येतात. शेजाऱ्याला मात्र ते दाखवावं लागतं. म्हणून 'आमच्या भागाचं पर्यावरण' असं न लिहिता 'माझा १८० फुटांचा बोअर, ज्याचं पाणी माझं कुटुंब पितं, प्रस्तावित विहिरीपासून १,१०० फुटांवर आहे' असं लिहा.

नोटीस तुम्हाला आलीच नाही असंही होऊ शकतं. ज्या जमिनीवर विहीर आहे तिचा मालक, अर्ध्या मैलातले ऑपरेटर, काउंटी क्लार्क, आणि गावाच्या हद्दीत असेल तर सिटी क्लार्क, ह्यांना पाठवावीच लागते. लागून असलेल्या जमिनींच्या मालकांना मात्र विहीर कमर्शियल असेल तरच, म्हणजे पैसे घेऊन दुसऱ्यांचं पाणी घेणारी असेल तर. तुमची जागा एक प्लॉट सोडून पलीकडे असेल तर तुम्हाला काहीच येणार नाही, म्हणून काउंटीच्या साप्ताहिकातल्या जाहीर नोटिसा बघायची सवय लावा, आणि काउंटी क्लार्कच्या ऑफिसात एखादी ओळख करून ठेवा.

दुसरं काम: डब्ल्यू-१४ वाचा

फॉर्म दोन प्रकारचे. ज्या थरातून तेल निघत नाही अशा थरात पाणी सोडायचं असेल तर नियम ९ आणि फॉर्म डब्ल्यू-१४. तेल निघणाऱ्या थरात सोडायचं असेल तर नियम ४६ आणि फॉर्म एच-१. बघायच्या गोष्टी जवळपास त्याच.

रोजचं जास्तीत जास्त पाणी किती ते बघा, आकडा बॅरलमध्ये असतो. आमच्या अर्जात २०,००० बॅरल रोज असं होतं. एक बॅरल म्हणजे १५९ लिटर, म्हणजे रोज जवळजवळ ३२ लाख लिटर, उन्हाळ्यात गावाकडे येणाऱ्या १०,००० लिटरच्या टँकरच्या हिशोबात रोज ३१८ टँकर, एकाच भोकातून. हा हिशोब कागदावर मांडल्यावर बायको म्हणाली आता पत्र आजच टाकायचं.

मग खोली आणि दाब. पाणी सोडायचा थर किती फुटांपासून किती फुटांपर्यंत, आणि जमिनीवरचा जास्तीत जास्त दाब किती पीएसआय (चौरस इंचाला पौंड). साधारण ठोकताळा असा की थराच्या वरच्या टोकाच्या खोलीच्या प्रत्येक फुटाला अर्धा पीएसआय. थर ४,८०० फुटांवर सुरू होत असेल तर २,४०० पीएसआय. अर्जातला आकडा ह्याच्या वर असेल तर कशाच्या आधारावर, हे विचारा.

अर्जासोबत कमिशनच्या ग्राउंडवॉटर अॅडव्हायजरी युनिटचं पत्र लागतं, त्यात तुमच्या भागात वापरायोग्य पाणी किती फुटांपर्यंत आहे ते लिहिलेलं असतं. वापरायोग्य म्हणजे त्यांच्या हिशोबात लिटरला ३,००० मिलिग्रॅम क्षारांपर्यंत. ते पाणी आणि खारं पाणी सोडायचा थर ह्यांच्यामध्ये पाणी आरपार जाऊ न देणारे थर पाहिजेत, साधारणपणे एकूण २५० फूट शेल (चिकणमातीचा घट्ट खडक) किंवा चिकणमाती बघतात. केसिंग, म्हणजे विहिरीत बसवलेला लोखंडी पाइप, किती खोल आहे, त्याच्याभोवती सिमेंट कुठपर्यंत आहे हेही फॉर्मवर असतं. सरफेस केसिंग (सगळ्यात बाहेरची, वरच्या भागातली) वापरायोग्य पाण्याच्या तळाच्या खाली गेलेली आहे का आणि सिमेंट वरपर्यंत आलंय का, हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून बघा. जुनी तेलाची विहीर बदलून डिस्पोजलसाठी वापरणार असतील तर जास्तच बारकाईने बघा, कारण ती कधी काळी कशी खोदली ह्यावर सगळं अवलंबून.

तिसरं काम: जुन्या विहिरी शोधा

ह्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि त्याचाच सगळ्यात जास्त उपयोग झाला. खारं पाणी शेल फोडून वर येत नाही सहसा, ते आयत्या वाटेने वर येतं, आणि ती वाट म्हणजे चाळीस-पन्नास-साठ साली खोदलेल्या आणि नीट न बुजवलेल्या विहिरी. खाली दाब वाढला की त्या भोकांतून पाणी वर येतं. क्रेन काउंटीत जानेवारी २०२२ मध्ये अशाच जुन्या विहिरीतून खाऱ्या पाण्याचा फवारा उडाला होता, ऑक्टोबर २०२४ मध्ये तोयाह गावाजवळ उडाला, मैलभरावरून दिसेल असा. टेक्सासच्या यादीत मालक नसलेल्या बेवारस विहिरीच ८,००० च्या वर आहेत, आणि यादीत नसलेल्या वेगळ्या.

अर्जदाराने पाव मैलाच्या आतल्या सगळ्या विहिरी तपासून त्या कशा बुजवल्यात ते द्यावं लागतं. १ जून २०२५ पासून पर्मियनमधल्या नव्या अर्जांसाठी कमिशनने ते अंतर अर्धा मैल केलंय, आणि दाबाचेही नियम कडक केलेत. पण ते नकाशावर असलेल्या विहिरीच दाखवतात. तुम्ही कमिशनच्या साइटवरचा पब्लिक जीआयएस व्ह्यूअर उघडा, तुमचा भाग मोठा करा, प्रत्येक ठिपक्यावर क्लिक करून एपीआय नंबर (प्रत्येक विहिरीचा ओळख क्रमांक) उतरवून घ्या, टेक्सासचे ४२ ने सुरू होतात, आणि अर्जदाराच्या यादीशी एकेक टिक करत ताडून बघा. मग शेजारच्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाकडे जा. आमच्याकडे कुंपणापलीकडे एक ऐंशीच्या पुढचे गृहस्थ आहेत, त्यांनी पिकअपमध्ये बसवून नेलं आणि मेस्किटच्या झुडपांत एक गंजलेला पाइप दाखवला, वीतभर वर आलेला, तोंडाला दगड ठेवलेला. म्हणाले, माझ्या लहानपणी इथे डेरिक, म्हणजे विहीर खोदायचा मनोरा, होता. नकाशावर तिथे काहीही नव्हतं. फोनवर जीपीएस ठेवून फोटो काढले, त्यांचं नोटराइज्ड निवेदन घेतलं, आणि पुढे सगळं प्रकरण त्या एका पाइपवर फिरलं.

चौथं काम: बोअरचे कागद आणि पाण्याची टेस्ट

तुमचा बोअर कमिशनच्या नकाशावर दिसणार नाही. ड्रिलरने दिलेला वेल रिपोर्ट शोधा, अलीकडच्या वीसेक वर्षांतले बरेचसे टेक्सास वॉटर डेव्हलपमेंट बोर्डाच्या साइटवर मिळतात. तुमच्या काउंटीत ग्राउंडवॉटर कॉन्झर्व्हेशन डिस्ट्रिक्ट असेल तर तिथे बोअर नोंदवून घ्या, सात-बारावर विहिरीची नोंद नसली की आपल्याकडे जे होतं तेच इथे होतं.

टेस्ट विहीर सुरू व्हायच्या आधीच करायची. नंतर पाणी मचूळ झालं तर 'ते आधीपासूनच तसं होतं' असं उत्तर येतं आणि तुमच्याकडे दाखवायला काही नसतं. मान्यताप्राप्त लॅबला सांगा: टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार), क्लोराइड, ब्रोमाइड, सोडियम, बेरियम, स्ट्रॉन्शियम, बेन्झीनचा गट, आणि मिथेन. ब्रोमाइड विसरू नका, क्लोराइड सॉफ्टनरमुळेही वाढू शकतं, पण क्लोराइड आणि ब्रोमाइडचं प्रमाण बघून खारं पाणी कुठलं ह्याचा अंदाज बांधता येतो. सॅम्पल लॅबच्या माणसालाच घेऊ द्या आणि सॉफ्टनरच्या आधीच्या नळावरून घ्यायला सांगा. त्याशिवाय आपल्याकडे आरओवाले ज्या पेनासारख्या टीडीएस मीटरने पाणी बघतात तो घरात असतोच, दर महिन्याच्या एक तारखेला रीडिंग घेऊन वहीत लिहा. तो कोर्टातला पुरावा नाही, पण लॅबला कधी परत बोलवायचं हे तोच सांगतो.

भूकंपाचा भाग

डॅलस भागातल्या आपल्या लोकांना जानेवारी २०१५ मध्ये आयर्विंगला बसलेले धक्के आठवत असतील, एकाच दिवसात बरेच, सगळ्यात मोठा ३.६ चा. ओक्लाहोमात तर २०१५ साली ३ किंवा त्याहून मोठे ९०३ भूकंप झाले, २००८ च्या आधी वर्षाला एखाद-दोन व्हायचे. तिथे आर्बकल नावाच्या खोल थरात पाणी सोडत होते, खालच्या खडकातल्या जुन्या भेगांवर दाब वाढला. सप्टेंबर २०१६ मध्ये पॉनीला ५.८ चा झाला, तिथल्या कॉर्पोरेशन कमिशनने पाणी कमी करायला लावलं आणि आकडा उतरत गेला. म्हणजे नियमाने फरक पडतो, हे तिथे डोळ्यांसमोर झालंय.

टेक्सासने २०१४ च्या नोव्हेंबरपासून अर्जासोबत १०० चौरस मैलांच्या वर्तुळातल्या जुन्या भूकंपांची माहिती मागायला सुरुवात केली, आणि भूकंपाला हातभार लागत असेल तर परवाना बदलायचा किंवा थांबवायचा अधिकारही नियमात लिहिला. पुढे मिडलंडजवळ गार्डनडेल, मग कल्बर्सन-रीव्ह्ज आणि स्टँटन असे सिस्मिक रिस्पॉन्स एरिया, म्हणजे भूकंपामुळे खास लक्ष ठेवायचे भाग, जाहीर केले, आणि गार्डनडेलमधल्या ३३ खोल विहिरी डिसेंबर २०२१ मध्ये बंद करायला लावल्या. तुम्ही टेक्सनेटचा, म्हणजे टेक्सासच्या भूकंप नोंदणी यंत्रणेचा, नकाशा उघडा, प्रस्तावित विहिरीपासून ९ किलोमीटरच्या वर्तुळात काय काय झालंय त्याची यादी काढा आणि पत्राला जोडा. ह्यात एक पेच आहे तो लक्षात ठेवा: खोल सोडलं तर भूकंपाची भीती, म्हणून कंपन्या उथळ थराकडे वळल्या, आणि उथळ थरात दाब वाढला की वर सांगितलेल्या जुन्या विहिरी वाहायला लागतात. तुमच्या अर्जात खोली कुठली आहे ते बघून ठरवा, भूकंपावर भर द्यायचा की जुन्या विहिरींवर.

काय लिहू नये

ट्रकची वर्दळ, रस्ता खराब होणं, धूळ, आवाज. त्रास खराच आहे, मला मान्य आहे, रात्री दोन वाजता टँकर गेला की आमची भांडी वाजतात. पण २०११ साली टेक्सास सुप्रीम कोर्टाने वाइज काउंटीच्या एका प्रकरणात सांगितलं की सार्वजनिक हित बघताना कमिशनने ट्रक वाहतुकीचा विचार करायलाच पाहिजे असं नाही. पत्रात त्याला जागा दिली की तुमचे खरे मुद्दे खाली जातात. ट्रकचं काउंटी कमिशनर्सकडे मांडा, ते वेगळं प्रकरण.

सुनावणी आणि तडजोड

हरकत नोंदली गेली की अर्जदाराला दोन वाटा, अर्ज मागे घ्यायचा नाहीतर सुनावणी मागायची. सुनावणी कमिशनच्या हिअरिंग्ज डिव्हिजनपुढे, एक न्यायाधीश आणि एक तांत्रिक परीक्षक, नंतर अंतिम निर्णय तिन्ही कमिशनर मतदानाने देतात. समोर वकील आणि पेट्रोलियम इंजिनियर असतात, त्यामुळे तिथपर्यंत गेलात तर निदान एक तज्ज्ञ तुमच्याकडूनही पाहिजे, आणि खर्च चार शेजाऱ्यांत वाटून घ्या, आम्ही तसंच केलं.

बहुतेक वेळा मात्र त्याआधी फोन येतो. तेव्हा काय मागायचं हे लिहून ठेवा, नुसतं नको म्हणू नका. आम्ही मागितलं ते असं: तो जुना पाइप शोधून नियमाप्रमाणे बुजवायचा, रोजचं पाणी निम्म्यावर आणायचं, आमच्या बोअरची दर सहा महिन्यांनी त्यांच्या खर्चाने टेस्ट, आणि हे सगळं परवान्याच्या अटींत किंवा सही केलेल्या करारात, तोंडी नाही. त्यांनी पहिला अर्ज मागे घेतला आणि आठ महिन्यांनी नवा आणला, त्यात पाइप बुजवायचं कबूल होतं, पाणी १२,००० बॅरलवर आलं होतं. आम्ही सही केली. काही शेजाऱ्यांना ते पटलं नाही, आणि त्यांचं चूक होतं असं मी म्हणणार नाही.

विहीर तुमच्याच जमिनीवर यायची असेल तर मिनरल राइट्स दुसऱ्याचे असले तरी बाहेरच्या लीजचं पाणी तुमच्या जागेत सोडायला तुमची परवानगी लागते. त्या लीजचं स्वतःचं पाणी असेल तर मात्र गोष्ट वेगळी. असा करार वकिलाशिवाय करू नका.

परवाना मिळाल्यावर

ऑपरेटरला महिन्याचा दाब आणि पाणी ह्यांचा हिशोब वर्षातून एकदा फॉर्म एच-१० वर द्यावा लागतो आणि तो ऑनलाइन कोणालाही बघता येतो. मी दरवर्षी परवान्यातला आकडा आणि एच-१० शेजारी ठेवतो. तेवढंच पाणी आत जातंय आणि दाब मात्र महिन्यामागून महिना चढतोय, तर थर भरत आलाय असं समजा आणि विचारा. केसिंग-ट्यूबिंग गळत नाही ना ह्याची दाबचाचणी साधारण पाच वर्षांतून एकदा, ती एच-५ वर. कमिशनच्या इन्स्पेक्टरने काय पाहिलं ते ऑनलाइन इन्स्पेक्शन लुकअपवर सापडतं.

तक्रार करायची असेल तर डिस्ट्रिक्ट ऑफिसला, मिडलंड भाग डिस्ट्रिक्ट ८ मध्ये येतो. फोन करा पण तक्रार नंबर घेतल्याशिवाय ठेवू नका, आणि त्याच दिवशी ईमेलने तेच लिहून पाठवा. टँकरवाला रस्त्याच्या कडेला व्हॉल्व्ह उघडून चाललेला दिसला तर टँकरवर रंगवलेला परमिट नंबर टिपा, वेळ आणि जागा टिपा, त्याच्या मागे लागू नका. तेल-गॅसचा कचरा साठवायच्या खड्ड्यांचे म्हणजे पिट्सचे नियम १ जुलै २०२५ पासून बदललेत, जुना नियम ८ जाऊन नवीन चॅप्टर ४ आलाय, त्यामुळे नेटवर जुने लेख वाचताना तारीख बघा.

दुसऱ्या राज्यात असाल तर दार वेगळं. न्यू मेक्सिकोत ऑइल कॉन्झर्व्हेशन डिव्हिजन आणि फॉर्म सी-१०८, ओक्लाहोमात कॉर्पोरेशन कमिशन, ओहायोत नॅचरल रिसोर्सेस खातं. पेनसिल्व्हेनियाने हे काम राज्याकडे घेतलेलंच नाही, तिथे क्लास टू चा परवाना ईपीएचं फिलाडेल्फियाचं ऑफिस देतं आणि राज्याचा परवाना त्याशिवाय वेगळा लागतो, म्हणजे तिथे नोटिसाही दोन ठिकाणी बघाव्या लागतात.

आमची विहीर आता दोन वर्षं चालू आहे. बोअरच्या टीडीएसचं पहिलं लॅब रीडिंग ८४० होतं, ह्या एक तारखेला मीटरवर ८६० दाखवलं, मीटर तेवढा इकडेतिकडे होतोच, पुढच्या महिन्यात ९०० च्या वर गेलं तर लॅबला बोलवायचं असं वहीत लिहून ठेवलंय.